पुराचा पंप आगीच्या काजळीवर चालत नाही

तळमजल्यावरचा मीटर बोर्ड पेटला आणि थोड्या वेळात विझलाही. जळाले ते मीटरचे कपाट आणि वायरींचे जुडगे. पण धूर जिन्यातून वर चढला आणि वरच्या सहा फ्लॅटच्या छतांवर काळा थर बसला. सांगलीत विश्रामबागच्या बाजूला एका अपार्टमेंटमध्ये यानंतर रहिवाशांची जी फसवणूक झाली, ती कुठेही होऊ शकते. म्हणून सगळे तपशिलात लिहितो आहोत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच एक ठेकेदार प्रेशर पंप आणि दोन माणसे घेऊन दारात हजर झाला. "चार दिवसांत होते तसे घर करून देतो, निम्मे पैसे आधी." 2019 आणि 2021 च्या पुरानंतर सांगलीकरांनी घरातला गाळ पंपानेच काढला होता, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. घात इथेच झाला. गाळ पाण्याने सुटतो, काजळी पाण्याने मुरते. वायर, प्लास्टिक, रबर जळून आलेली काजळी तेलकट असते. तिच्यावर आधीच पाणी मारले की ती गिलाव्याच्या छिद्रांत शिरते आणि मग घासून निघत नाही.

पंपाने धुतलेल्या भिंतींवर त्याने लांबी (पुट्टी) भरली, डिस्टेंपरचे दोन हात दिले, वासावर सुगंधी फवारा मारला आणि उरलेले पैसे घेऊन गेला. पहिल्या पावसाळ्यात छताच्या कडेने पिवळट-तपकिरी डाग फुटले. घर दोन दिवस बंद ठेवून उघडले की जळक्या वायरीचा वास येई. ठेकेदाराचे उत्तर एकच: "तुमच्या भिंतीलाच ओल आहे."

मोजमापातही लबाडी होती. 10 बाय 12 ची, 10 फूट उंचीची खोली म्हणजे भिंती 440 आणि छत 120, एकूण 560 चौरस फूट. त्यातून दार-खिडक्या वजा व्हायला हव्यात. त्या झाल्या नाहीत, उलट स्वयंपाकघराच्या टाइल्सही रंगकामात धरल्या. टेप आपण धरायचा, आकडे आपण लिहायचे.

योग्य काम हळू चालते. आधी मेन स्विच बंद. इलेक्ट्रिशियनने 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वायरीच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, वायरिंग तपासावे. रीडिंग 1 मेगाओहमच्या खाली असेल तर लाइन चालू करायची नाही. पंखा आणि एसी लावू नयेत, काजळी घरभर उडते. मग हेपा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणाऱ्या, फिल्टरच्या व्हॅक्यूमने, नळी भिंतीला न टेकवता, वरून खाली काजळी ओढून घ्यायची. साधा घरगुती व्हॅक्यूम बारीक काजळी मागून परत हवेत सोडतो. त्यानंतर काजळीसाठी मिळणारा रबरी कोरडा स्पंज, वरून खाली सरळ ओढायचा, गोल घासायचा नाही. स्पंजची काळी झालेली बाजू कापून टाकायची, धुवायची नाही.

पाणी यानंतर, तेही ऑइल पेंट किंवा धुता येणाऱ्या रंगावरच. धुण्याचा सोडा पातळ करून फडक्याने, आणि या वेळी खालून वर. वरून धुतले तर घाण पाण्याचे ओघळ कोरड्या भिंतीवर कायमचे उमटतात. डिस्टेंपर धुण्याच्या फंदात पडू नये, खरवडूनच काढावा. भिंत पूर्ण वाळली की ऑइल प्रायमर किंवा लाखेचा, म्हणजे चपडीचा, प्रायमर. काजळीचा डाग आणि वास हा थर अडवतो. पाण्यावरच्या रंगातून दोन्ही वर येतात. लांबी आणि रंग त्याच्यानंतर.

प्रायमर खरेच लागला का, हे डब्यांवरून कळते. भिंत किती खरखरीत आहे त्यानुसार लिटरला साधारण 80 ते 120 चौरस फूट होतात, म्हणजे वर मोजलेल्या खोलीला एका हातासाठी पाच-सहा लिटर. सीलबंद डबे समोर फोडायला लावा, रिकामे डबे ठेवून घ्या. प्रायमरआधी पांढरा सुती फडका भिंतीवर दाबून फिरवा. काळा झाला तर पुढचे काम आणि पुढचा हप्ता दोन्ही थांबवा. माळा, फॉल्स सीलिंगची वरची बाजू, स्विच बॉक्सच्या आतला भाग, कपाटामागची भिंत इथेही फडका फिरवाच. वास बहुधा तिथूनच येत राहतो.

वायरींच्या पीव्हीसी आवरणातून निघालेल्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो. दमट हवेत त्याचे आम्ल होते. नळ, बिजागऱ्या, फ्रिजचे तांबे काही दिवसांत हिरवट पडते किंवा गंजते. त्या ठेकेदाराने धातूला हातही लावला नव्हता. नळ आणि बिजागऱ्या पहिल्या एक-दोन दिवसांत खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून कोरड्या केल्या पाहिजेत. काजळी पुसताना साधा रुमाल नको, एन-95 मास्क आणि हातमोजे हवेत.

सगळ्यात मोठे नुकसान विम्याचे झाले. नुकसानीची पाहणी करणारा विम्याचा सर्व्हेअर यायच्या आधीच भिंती धुतल्या गेल्या, फोटो नाहीत. वर ठेकेदाराने बिलात सगळी रक्कम "मलबा हटवणे" या एकाच ओळीत टाकली. भारत गृह रक्षा या घराच्या विमा पॉलिसीत मलबा हटवण्याचा खर्च दाव्याच्या 2 टक्क्यांपर्यंतच धरतात. साफसफाई, खरवडणे, प्रायमर, रंग, वायरिंग यांच्या ओळी वेगळ्या हव्यात आणि बिल जीएसटी क्रमांकाचे हवे. विमा कंपनीला लगेच कळवून, अग्निशमन विभागाचा दाखला आणि पंचनाम्याची प्रत घेऊन, खोलीवार फोटो काढूनच पहिला फडका उचलावा.

पैसे गेलेच असतील तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद होते. मात्र डाग फुटलेली भिंत घाईने पुन्हा रंगवू नका. आधी तारखेसह फोटो काढा आणि खरवडलेला एक पोपडा पिशवीत बंद करून ठेवा. रंगाखाली काळा थर तसाच राहिला होता, हे त्यात दिसते.