पावतीवर ‘व्यक्तिमत्त्व विकास वर्ग’ लिहिलं होतं

मागच्या आठवड्यात जाऊबाईंच्या भिशीच्या ग्रुपवर एक जाहिरात आली. मुलांचा राग, भीती, चंचलपणा, ओसीडी (मनात भीती घुसते आणि तीच तीच कृती पुन्हापुन्हा करावीशी वाटते तो आजार), सगळं ९० दिवसांत बरं, गोळ्यांशिवाय. सेंटरचं नाव नवीन आहे, पण लेकाला आम्ही जिथे नेलं होतं तो नाशिकच्या कॉलेज रोडचा पत्ता तोच आणि फोटोतला निळा सोफाही तोच. म्हणून लिहायला बसले, नाहीतर हा विषय आम्ही घरात काढत नाही.

लेक तेव्हा सातवीत होता. हात धुणं वाढलं, तर वाटलं कोरोनातली सवय राहिली असेल. मग एकेका वेळी वीस-वीस मिनिटं बेसिनपाशी. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, गणिताच्या वहीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसायला लागले. आणि दर पाच मिनिटांनी, ‘आई, माझे हात स्वच्छ आहेत ना?’ मी म्हणायचे, हो रे बाळा. सासूबाईंनी मीठमोहरीने दृष्ट काढली. (त्याला निदान पैसे पडले नाहीत.)

सेंटरचा नंबर ट्यूशनच्या मॅडमनी दिला. तिथे आधी बोटांच्या ठशांची टेस्ट, साडेतीन हजार. दहाही बोटं स्कॅनरवर ठेवून घेतली आणि आठवड्याने गुळगुळीत कागदाचा जाडजूड रिपोर्ट हातात दिला. मेंदूचं रंगीत चित्र, प्रत्येक भागावर टक्के. ‘मूल संवेदनशील आहे, शांत वातावरण आवडतं, दडपणाखाली गोंधळतं.’ वाचून मी तिथेच रडले, इतकं ते आमच्याच पोराचं वर्णन होतं. पुढे मैत्रिणीच्या मुलीचा रिपोर्ट पाहिला. तीच वाक्यं, फक्त टक्के वेगळे. अहो, बोटांवरच्या रेषा मूल पोटात असतानाच पक्क्या होतात आणि जन्मभर तशाच राहतात. वर्षभरापूर्वी सुरू झालेला त्रास त्यात कुठून दिसणार? हे मला सुचलं नाही आणि ह्यांनाही नाही. हे अंबडला कंपनीत क्वालिटी बघतात!

रिपोर्टनंतर पॅकेज. २४ सेशन, ४८ हजार, ‘आज भरलं तर.’ तीस तिथल्या तिथे दिले, बाकीचे हप्त्याने. सेशन म्हणजे डोक्याला दिवे लुकलुकणारा पट्टा बांधायचा आणि टॅबवर फुगा वर न्यायचा खेळ. त्याने मेंदूतल्या अल्फा लहरी वाढतात म्हणे. तिथल्या मॅडम बोलायला इतक्या गोड की माझ्या सासूबाईंनाही गप्प बसवलं असतं. त्यांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या. एक, डॉक्टरकडे नेऊ नका, गोळ्यांनी मूल सुन्न होतं. दुसरी, तो विचारेल तेव्हा लगेच धीर द्या, ‘स्वच्छ आहेत’ म्हणा. मी इमानेइतबारे म्हणत राहिले. दिवसातून शंभरदा तरी.

चार महिने गेले. सहामाहीच्या पहिल्या पेपरला तो बाथरूममधून बाहेरच आला नाही. रिक्षावाले काका खाली हॉर्न वाजवून निघून गेले.

आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांनी ऐकून घेतलं आणि मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी दिली. तिथून क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे. त्या ताईंनी पहिल्या दिवशी एक प्रश्नावली भरली, मुलांच्या ओसीडीसाठीची, ४० पैकी गुण. लेकाचे २६ आले. तो आकडा त्यांनी वहीत लिहिला, आम्हालाही दाखवला, म्हणाल्या, दर काही आठवड्यांनी पुन्हा मोजू, खाली येत नसेल तर उपचार बदलू. सेंटरमध्ये चार महिन्यांत कुणी काही मोजलं नव्हतं. बरं होण्याची गॅरंटी मागितली, तर सरळ ‘नाही देता येत’ म्हणाल्या. मला तेव्हा रागच आला.

उपचार काय, तर भीतीची शिडी. सगळ्यात खालची पायरी स्वतःच्या चपलेचा पट्टा, सगळ्यात वरची सीबीएस बसस्थानकावरच्या बसचा दांडा. एकेका गोष्टीला हात लावायचा आणि धुवायचा नाही. घालमेल होते, चढते आणि न धुताही हळूहळू उतरते, हे त्याच्या अंगाला कळू द्यायचं. आणि मी? मी उत्तर द्यायचं नाही. धीर दिला की त्याला घटकाभर बरं वाटतं, पण शंका आणखी मुरते, असं ताईंनी समजावलं. म्हणजे आम्ही ४८ हजार मोजून दुखणं पोसत होतो. आता तो विचारतो तेव्हा ‘काय माहीत बुवा’ म्हणते. पहिले पंधरा दिवस स्वयंपाकघरात जाऊन रडायचे. वहीतला आकडा सध्या १२ आहे. डॉक्टर म्हणाले, त्रास फार असेल तर सोबत औषधही देतात, आमच्याकडे अजून गरज पडली नाही.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, १९९२ च्या कायद्याने. नंबर मागा, परिषदेच्या वेबसाइटवर नाव शोधा. सेंटरच्या भिंतीवर सात सर्टिफिकेटं होती, सगळी दोन-तीन दिवसांच्या वर्कशॉपची. कुणाकडे जावं हेच सुचत नसेल तर १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा फोन आहे. फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.

पैशांसाठी आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. काही हललं नाही, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. सेंटरचं लेखी उत्तर आलं की आम्ही उपचार करतच नाही, हा व्यक्तिमत्त्व विकास वर्ग होता, पावती पाहावी. पाहिली. खरंच तसंच छापलंय. पण त्याच मॅडमचा व्हॉट्सअॅपवरचा मेसेज माझ्याकडे आहे, ‘ओसीडी पूर्ण जाईल, माझा शब्द.’ त्याची प्रिंट जोडली आहे. पुढची तारीख अजून यायची आहे.

पावती हातात घेतली तेव्हा मी फक्त रक्कम वाचली होती.