अळी ओळखणारं अ‍ॅप: पाचापैकी साडेतीन

फोटोवरून किडे ओळखणारं हे फुकटचं अ‍ॅप नातवानं पोळ्याच्या सुटीत मोबाइलमध्ये टाकून दिलं. आमचं गाव आर्वी तालुक्यात. वावरात रेंज नाही, म्हणून फोटो तिथं काढायचा अन् उत्तर घरी येऊन पाहायचं.

पहिली परीक्षा अंगणातल्या तगरीवर. करंगळीएवढी हिरवीगार अळी, मानेवर दोन निळे डोळे! सूनबाई ओरडलीच. ते खरे डोळे नव्हेत, पाखरांना भेववायचे ठिपके. अ‍ॅपनं एका दमात सांगितलं, कण्हेरीवरचा हॉकमॉथ, म्हणजे एक मोठा पतंग. बरोबर. दोन दिवसांनी तीच अळी तपकिरी होऊन खाली उतरली, तेव्हा मात्र अ‍ॅप गडबडलं. कोषात जाण्याआधी तिचा रंग पालटतो, हे त्याला कोण सांगणार?

तिळातल्या अळीला तर त्यानं अमेरिकेतली तंबाखूवरची अळी ठरवलं. काहून बाप्पा? मी वरून फोटो काढला होता, चूक माझीच. आडवा काढला, अंगावरचे तिरपे पट्टे अन् शेपटीचं वाकडं शिंग दिसलं, तसं नाव सुधारलं: पाठीवर कवटीचं चित्र असलेल्या पतंगाची अळी. हाच पतंग मोठा झाला की मोहोळात शिरून मध चोरतो.

दुकानदारानं न पाहताच 'उंट अळी' (पाठ उंचावून चालणारी, वेगळीच अळी) म्हणून औषधाची बाटली पुढं केली होती. चारच अळ्या होत्या, हातानं वेचल्या. मराठी नावं नाहीत, त्याचा दीड तारा कापला.