उपचारानंतर ताटात काय वाढायचं: भरीत, पालेभाजी की गिलकं?

आईचे स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपले तोवर तिचं वजन नऊ किलोंनी वाढलं होतं. गोळ्या, थकवा, दिवसभराचं बसणं, आणि वर "आजारातून उठलीय, खाऊ द्या" म्हणणारे आम्ही. डॉक्टरांनी सांगितलं, वजन उतरवा, भाज्या वाढवा. जळगावात भाजी वाढवायची म्हटलं की हिवाळ्यात आधी भरीतच आठवतं. तुमच्याही घरात हाच विचार चालू असेल, तर आमचा अनुभव उपयोगी पडेल.

भरितापासून सुरू करते. आपल्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ते खरंच गुणी आहे. किलोभर वांग्यात साधारण 250 कॅलरी, वर चोथा भरपूर. पण तेवढ्या भरिताला आमच्याकडे वाटीभर तेल लागायचं. 100 मिली तेलात 800 हून जास्त कॅलरी असतात. म्हणजे वांग्याच्या तिप्पट कॅलरी एकट्या तेलाच्या, आणि शेंगदाणे, खोबरं अजून धरलेलंच नाही. वांगं काड्यांवर भाजतात म्हणून काहींना भीती वाटते. पण जळक्याची मोठी काळजी मांसाच्या बाबतीत आहे. वांग्याची करपलेली साल नीट काढून टाकली की पुरे.

पालेभाजी सगळ्यांत वरची, असं माझं स्पष्ट मत आहे. पोकळा, मेथी, हरभऱ्याची कोवळी पानं आणि शेवग्याचा पाला यांत कॅलरी कमी, फोलेट आणि कॅल्शियम जास्त. स्तनाच्या कर्करोगानंतरच्या काही गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात, तिथे शेवग्याचा पाला फार कामाचा: 100 ग्रॅममध्ये सुमारे 300 मिलिग्रॅम कॅल्शियम. पालकात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच असतं, आणि पालकातल्या ऑक्झलेट नावाच्या घटकामुळे तेही अंगी फारसं लागत नाही. सोबत कळण्याची भाकरी घेतली की ज्वारी-उडदामुळे पोट लवकर भरतं. तीन पोळ्यांच्या जागी एकच भाकरी पुरते. जुडी कढईत शिजून मूठभर होते, म्हणून चार माणसांना एक जुडी पुरत नाही, दोन तरी घ्या.

पण रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल, तर हिरव्या भाज्यांतलं व्हिटॅमिन के त्या गोळीच्या आड येतं. पालेभाजी बंद करायची गरज नाही; रोज साधारण तेवढीच खायची आणि डॉक्टरांना सांगून ठेवायचं. मुतखड्याचा त्रास असेल तर पालक, पोकळा, घोळ जपून. केमो चालू असताना पांढऱ्या पेशी घसरल्या असतील, तर कच्चा पाला नकोच, शिजवूनच द्या.

गिलकं (म्हणजे घोसाळं), दोडकं, दुधी या भाज्यांत पाणीच जास्त, पोषण पालेभाजीइतकं नाही. पण तोंडाच्या किंवा घशाच्या उपचारांनंतर गिळायला त्रास होत असेल, तर गिलक्यासारखी मऊ भाजी दुसरी नाही. मात्र अशा माणसाचं वजन उतरत असेल, तर इथला कमी तेलाचा हिशेब त्याला लावू नका.

आणि शेवभाजी? तिला भाजीत धरू नये. तळलेली शेव आणि वर तर्री. सणावारी खा.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या सुमारे 3,000 बायकांवर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2007 साली आले. भरपूर भाज्या-फळं खाणाऱ्या गटातही रोग उलटण्याचं प्रमाण कमी झालं नाही. दोन्ही गटांत वजनात मात्र फारसा फरक पडला नव्हता. म्हणून भाजीला औषध समजून ताटात आणखी एक पदार्थ वाढवण्यात अर्थ नाही. तिने तेलाची, फरसाणाची, दुसऱ्या पोळीची जागा घेतली पाहिजे.

आमच्या घरी आता आठवड्यातून पाच दिवस पालेभाजी, एक दिवस गिलकं किंवा दोडकं आणि रविवारी भरीत. तेल बाटलीतून ओतायचं नाही, पोह्यांच्या चमच्याने मोजायचं, किलोला चार चमचे. पहिल्या रविवारी आईला ते कोरडं लागलं, तिने अर्धंच खाल्लं. पुढच्या खेपेला कांद्याची पात दुप्पट घातली, मिरच्या वांग्याबरोबरच भाजून बडगीत, म्हणजे भरीत कुटायच्या लाकडी भांड्यात, कुटल्या आणि दाणे फक्त मूठभर ठेवले. त्या दिवशी तिने पुन्हा वाढून घेतलं.