चौदा खंड की तीन?

टोल्कीन यांची तीन खंडांची कल्पनारम्य कादंबरी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हाती घ्यावी की रॉबर्ट जॉर्डन यांची चौदा खंडांची ‘द व्हील ऑफ टाइम’, असा प्रश्न ज्याला पडला आहे त्याला दोन्हींची तोंडओळख असणारच, म्हणून कथानके सांगत बसत नाही.

जॉर्डन यांची बाजू आधी मांडतो, कारण ती मुळीच दुबळी नाही. जादूची शक्ती वापरणाऱ्या पुरुषाला वेड लागते, त्यामुळे ती शक्ती आणि तिच्यासोबत येणारी सत्ता स्त्रियांच्या हाती राहते. या एका कल्पनेतून राजकारण, भीती आणि परस्परांविषयीचा संशय इतक्या सहजपणे उलगडत जातो की पहिले चार-पाच खंड मी झोप मोडून वाचले. टोल्कीन यांच्याकडे लक्षात राहणाऱ्या स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या आहेत आणि टॉम बॉम्बाडिल या गाणाऱ्या, गूढ वनवासी पात्राची प्रकरणे तर, खरे सांगायचे तर, पहिल्या वाचनात मी केवळ चाळली होती.

माझा निर्णय झाला तो जॉर्डन यांच्या दहाव्या खंडामुळे. नववा खंड (2000) एका विलक्षण पराक्रमावर संपतो. पुढे काय होणार या उत्सुकतेने दहावा (2003) उघडावा, तर काळ मागे जातो, आणि तो पराक्रम घडत होता तेव्हा इतर पात्रे कोठे होती व लांबवर उसळलेली ती शक्ती त्यांना कशी जाणवली, हेच शेकडो पाने चालते. मी पुस्तकात खूण घातली आणि वर्षभर ते उघडले नाही.

काळ मागे नेणे टोल्कीन यांनाही वर्ज्य नाही. शत्रूच्या प्रदेशाच्या काळ्या दरवाजापाशी शत्रूचा दूत कथानायक फ्रोडोचे चिलखत दाखवतो, आणि शत्रूच्या तावडीत सापडलेल्या फ्रोडोला शेवटचे पाहिलेला वाचक मनातून खचतो. त्यानंतरच कथा काही दिवस मागे जाऊन फ्रोडोचा सोबती सॅमला गाठते. तेथे मागे जाण्याने काळजी वाढते, दहाव्या खंडात मात्र ती विरते, निदान माझा अनुभव तरी तसा आहे.

जॉर्डन यांचे 2007 मध्ये निधन झाल्यावर ब्रँडन सँडरसन यांनी अखेरचे तीन खंड पूर्ण केले, त्यांत कथेला पुन्हा वेग येतो, आणि वर्षानुवर्षे एकाच जगात रमायला ज्याला आवडते त्याला मधली संथ वाट कदाचित खुपणारही नाही. मी मात्र दहावा खंड शेवटी सारांशावर भागवला. टोल्कीन यांचे तिसरे वाचन सध्या चालू आहे, आणि या खेपेस बॉम्बाडिलही वगळलेला नाही.