५.१ साउंडबार, आठ महिन्यांनंतर: हुर्यो मागून ऐकू आली पाहिजे

ऑगस्टमध्ये घेतलेल्या ५.१ साउंडबारचे (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) मागचे दोन्ही स्पीकर मार्चअखेरीस मान टाकायला लागले, आणि तेही ठरावीक वेळी. नुसती कॉमेंट्री चालू असली की ठणठणीत. मधल्या फळीत पासिंग चाललंय, गर्दी गुणगुणतेय, तरी ठीक. घरच्या संघाने तिसरा गोल खाल्ला आणि स्टेडियम आपल्याच पोरांवर उलटलं, की ‘टक’ आवाज करून मागचे स्पीकर गप्प. प्रेक्षक निवले की दहा-बारा सेकंदांत आपोआप परत सुरू. सर्व्हिस सेंटरच्या लेखी हा बिघाडच नाही, कारण त्यांच्या टेबलावर गाणं लावलं की तो दिसत नाही. त्या भांडणाचा हिशेब खाली दिलाय. आधी वस्तू.

वॉट आणि बाकीचे आकडे खोक्यावर असतात, ते पुन्हा लिहीत नाही. किंमत सेलमध्ये २१,५०० रुपये. जागा इंदूरच्या सुदामा नगरातला दिवाणखाना, दहा बाय चौदा, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, एक भिंत शेजाऱ्यांशी सामायिक. सिनेमा आणि गाण्यांसाठी घेणाऱ्यांनी दुसरे रिव्ह्यू वाचावेत. इथे फक्त फुटबॉल, आणि त्यातही घरच्या प्रेक्षकांनी स्वतःच्याच संघाची उडवलेली हुर्यो नीट ऐकू येते का, एवढंच बघितलंय.

कारण गोलाचा जल्लोष दहा हजारांचा टीव्हीही ऐकवतो. हुर्यो तशी नसते. ती एका स्टँडच्या कोपऱ्यातून उठते, चार-पाच सेकंदांनी शेजारचा स्टँड ती उचलतो, कधी समोरच्या टोकाचे लोक टाळ्या वाजवून तिला विरोध करतात. होळकर स्टेडियममध्ये एक क्रिकेट सामना बघितलेल्यालाही माहीत असतं की मैदानात आवाज समोरून येत नाही, पाठीवर येऊन आदळतो. आपल्या संघावर ओरडणारा माणूस तिकीट काढून आलेला असतो, त्याला दुखलेलं असतं, आणि ते दुखणं ऐकू आलं नाही तर सामना अर्धाच बघितला. जून २०१८ मध्ये मुंबईत भारताने चायनीज तैपेईला ५-० हरवलं, सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली, आणि प्रेक्षक होते अडीच हजारांच्या आसपास. त्यानंतर छेत्रीने व्हिडिओ काढून लोकांना हेच सांगितलं: शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात येऊन करा. केनियाविरुद्धच्या पुढच्या सामन्याची तिकिटं संपली. खेळाडूलाही रिकाम्या खुर्च्यांपेक्षा हुर्यो परवडते.

आता मुख्य तक्रार. या बारच्या रिमोटवर ‘स्पोर्ट्स’ नावाचं बटण आहे, आणि फुटबॉल बघताना तेच दाबू नका. ‘ऊऽऽ’ हा स्वर खालच्या पट्टीतला आहे. पुरुषी गळ्यातून निघाला तर त्याची ताकद बहुतेक १०० ते ९०० हर्ट्‌झमध्ये बसते. बोलणं स्पष्ट कळावं म्हणून लागणारी व्यंजनं असतात साधारण १ ते ४ किलोहर्ट्‌झमध्ये. स्पोर्ट्स मोड हाच वरचा पट्टा उचलतो, सेंटर चॅनेल (मधला स्पीकर, कॉमेंट्री येते तो) वाढवतो आणि खालचं दाबतो. कॉमेंटेटर काचेसारखा स्वच्छ ऐकू येतो आणि साठ हजार माणसांचा राग पंख्याच्या घरघरीसारखा मागे पडतो.

‘क्लिअर व्हॉइस’ त्याहून वाईट. असली प्रणाली एकसारख्या चालणाऱ्या आवाजाला गोंगाट समजून कमी करते. गाण्याला ताल असतो, टाळीला ठोका असतो, ते त्यातून निसटतात. हुर्यो सलग, बिनठोक्याची. तिलाच कात्री लागते. २०१० च्या दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकात वुवुझेलाचा आवाज काढणं तुलनेने सोपं होतं, कारण तो २३३ हर्ट्‌झच्या आसपासचा एकच सूर आणि त्याच्या पटी. तेवढ्याच रेघा छाटायच्या. हजारो गळ्यांची हुर्यो एका सुरात नसते, त्यामुळे ती छाटताना गर्दीचा सगळा अंगभार जातो.

चाचणीसाठी एक प्रसंग सांगतो, त्याच्या क्लिप सहज मिळतात. २७ ऑक्टोबर २०१९, आर्सेनलचं लंडनमधलं घरचं मैदान एमिरेट्स, आर्सेनल विरुद्ध क्रिस्टल पॅलेस. आर्सेनलने २-० ची आघाडी घालवून २-२ झालेलं. ६१ व्या मिनिटाला आर्सेनलचा कर्णधार ग्रॅनिट झाका याचा ३४ नंबर बदली खेळाडूच्या फळ्यावर लागतो. पहिला आवाज येतो तो टोचणाऱ्या जल्लोषाचा, हा चालला एकदाचा म्हणून. झाका सावकाश चालत निघतो आणि त्या जल्लोषाची हळूहळू हुर्यो होते. तो हात हलवून लोकांना आणखी ओरडा म्हणतो, कानाला हात लावतो, शर्ट काढून आत जातो. काही दिवसांत त्याचं कर्णधारपद गेलं. जल्लोष संपून हुर्यो नेमकी कुठे सुरू होते, ते कानाने सांगता आलं तर सेटिंग बरोबर. स्पोर्ट्स मोडमध्ये तो सांधा ऐकूच येत नाही, एकच गलका येतो.

पहिले दोन महिने या बारला दोन तारेच होते. मागचे स्पीकर जवळपास मुके वाटत होते. मग चूक सापडली ती टीव्हीत. त्यामुळे मत बदललं, आणि ज्यांचा बार ‘मागून आवाजच देत नाही’ त्यांनी आधी हे बघा. टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये ‘डिजिटल ऑडिओ आउट’ बहुतेक वेळा पीसीएमवर (साधा, न आवळलेला डिजिटल आवाज) असतं. साध्या एआरसीवरून (टीव्हीचा आवाज बारकडे नेणारी एचडीएमआय जोडणी) पीसीएम म्हणजे दोनच चॅनेल. ते ‘ऑटो’ किंवा ‘पास-थ्रू’ करा. ऑप्टिकल केबल लावली असेल तर काढून एचडीएमआय लावा, कारण ऑप्टिकलवरून डॉल्बी डिजिटल प्लस हा अनेक चॅनेलांचा आवाज जात नाही. मग बारच्या डिस्प्लेवर काय येतंय ते वाचा. ‘डॉल्बी’ आलं तर गर्दी खरीच वेगळ्या चॅनेलांत आहे. पीसीएमच राहिलं तर प्रक्षेपण दोन चॅनेलचं आहे. तेव्हा ‘सराउंड’ मोड लावा. दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज, म्हणजे कॉमेंट्री, तो मध्ये ठेवतो आणि वेगवेगळा असलेला, म्हणजे गर्दी, मागे पाठवतो. फुटबॉलपुरतं हे आश्चर्यकारक चांगलं चालतं.

त्यानंतरची मांडणी: मोड ‘स्टँडर्ड’ (पीसीएम असेल तर सराउंड), क्लिअर व्हॉइस बंद, ऑटो व्हॉल्यूम बंद, सेंटर -३, मागचे +३. सेंटर -६ केला तर कॉमेंटेटर शेजारच्या खोलीत गेल्यासारखा होतो. ज्यांना फक्त स्टेडियम हवंय त्यांनी तेच ठेवावं. मागचे स्पीकर कानाच्या थोडे वर, साडेचार फुटांवर, आणि तोंड सोफ्याकडे न करता समोरासमोर. सोफा भिंतीपासून फूटभर पुढे ओढला तर मागच्या आवाजाला जागा मिळते, एवढा फरक कुठल्याही सेटिंगने पडला नाही. आवाज ओठांच्या आधी येत असेल तर डिले ४० मिलिसेकंदांपासून वाढवत न्या आणि गोलकिकवर जुळवा. चेंडूला बूट लागताना दिसतो आणि ऐकूही येतो.

दुसरी क्लिप शिट्ट्यांसाठी. १३ मार्च २०२२, पॅरिसच्या पीएसजी क्लबचं मैदान पार्क दे प्रिन्स, सामना पीएसजी–बोर्दो. चार दिवसांपूर्वी रेआल माद्रिदने पीएसजीला चॅम्पियन्स लीगमधून बाहेर काढलेलं. मेस्सी आणि नेमारच्या पायात चेंडू आला की शिट्ट्या आणि हुर्यो, एम्बाप्पेकडे गेला की टाळ्या. पीएसजी ३-० जिंकली तरी हे चालूच होतं. शिट्टी वरच्या पट्टीतली असल्याने ती स्पोर्ट्स मोडमधूनही सुटते. म्हणूनच स्पॅनिश आणि इटालियन सामने, जिथे नाराजी शिट्टीनेच सांगतात, या बारवर आधीपासून बरे वाटत होते आणि इंग्लिश सामने मिळमिळीत.

चॅम्पियन्स लीगचे बरेच सामने हिवाळ्यात आपल्याकडे रात्री दीडला आणि तिकडची घड्याळं बदलली की साडेबाराला. सामायिक भिंत असताना नाइट मोडचा मोह होतो. तो मोठा आवाज दाबतो आणि बारीक उचलतो, त्यामुळे कुजबुज आणि हुर्यो एकाच उंचीवर येतात. त्याऐवजी सब (सबवूफर, खालचे आवाज देणारा वेगळा डबा) -४ करा, त्याखाली रबराची जाड चटई ठेवा, तो सामायिक भिंतीपासून दूर न्या आणि एकूण आवाज कमी करा. सब पूर्ण बंद करू नका. असल्या बारमध्ये १२०–१५० हर्ट्‌झच्या खालचं काम त्याच्याकडेच असतं आणि तो नसला की हुर्यो पोकळ होते.

आता बिघाड. मागचे दोन्ही स्पीकर एका वायरलेस रिसीव्हर डबीला जोडलेले, तिला २४ व्होल्टचा वेगळा अॅडॅप्टर. सर्व्हिसच्या माणसाने ४५० रुपये व्हिजिट घेतली, अॅडॅप्टर सुटा मोजला, २४.१ व्होल्ट आले, आणि रिसीव्हर बदला, ४,८०० रुपये, असं सांगून गेला. बारची वॉरंटी एक वर्ष, पण मागचा संच म्हणे ‘ॲक्सेसरी’, त्याला सहाच महिने. खोक्यावर ही ओळ कुठेही छापलेली नाही. सुटा अॅडॅप्टर मोजून काहीच कळत नसतं. तो जोडलेला ठेवून, झाकाची क्लिप आवाज ३५ वर लावून मोजला तर हुर्यो चढताना काटा २२, १९, १७ असा उतरतो आणि १६ च्या आसपास डबी स्वतःला बंद करून घेते. आतला आउटपुटचा कॅपॅसिटर डोक्यावर फुगलेला होता. अॅडॅप्टर सोफ्यामागे पडद्यात दडपलेला, हवा नाही. आठ महिन्यांत तेवढं पुरतं.

महाराणी रोडवर ६५० रुपयांत नवा मिळतो. घेताना व्होल्ट तेवढेच, २४. अँपिअर लिहिलेत तितके किंवा जास्त, इथे २.५ चे ३ घेतले तरी चालतात. पिनची आतली बाजू प्लस आहे ना ते चिन्ह बघा. आणि पिन ५.५ बाय २.५ की ५.५ बाय २.१ ते मोजून घ्या. बाहेरून दोन्ही अगदी सारख्या दिसतात, पण २.५ ची पिन २.१ च्या सॉकेटवर सैल बसते आणि मग हुर्यो नसतानाही आवाज तुटतो. जुना अॅडॅप्टर सोबत न्या, दुकानातच बसवून बघा.

नव्या अॅडॅप्टरवर तीन आठवडे झाले, ३५ वरही एकदा तुटला नाही. तारे साडेतीन. अर्धा स्पोर्ट्स मोडसाठी कापला आणि एक त्या सहा महिन्यांच्या ओळीसाठी. बारचं ऑटो अपडेट मात्र बंद ठेवा. फेब्रुवारीतल्या अपडेटने सेंटर परत शून्यावर आणला आणि क्लिअर व्हॉइस आपोआप चालू केला.