लॉटनं पैसे वसूल केले, बिननं घाम काढला

कारंजा-मानोरा भागातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या गोदामात मागच्या दसऱ्यापासून मालाचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर चालू आहे. सोयाबीन, तूर, हरभरा तिन्ही त्यातून गेले, बियाण्याचा हंगामही झाला. घ्यायच्या विचारात असाल तर डेमोवर जाऊ नका. डेमोत एका मापाचे खोके असतात, आपल्याकडे कट्टे.

लॉटची, म्हणजे एकत्र नोंदलेल्या मालाच्या गटाची, बाजू मात्र पक्की आहे. काट्यावर वजन झालं की आवकेसोबतच लॉट नंबर पडतो. शेतकरी, गाव, वाण, ओलावा, काडीकचरा हे रकाने आपले आपण जोडता येतात. ग्रेडिंगला अनेकांचा माल एकत्र गेला आणि नवा लॉट निघाला, तरी जुने लॉट त्याच्यामागे दिसत राहतात. याची किंमत पेरणीनंतर कळली. एका गावातून सोयाबीन उगवलं नाही अशी तक्रार आली. बियाण्याच्या बिलावर लॉट नंबर लिहावाच लागतो. तेवढ्यावरून कट्टे कोणत्या बीजोत्पादकाचे, उगवण तपासणीत ठरलेल्या किमान ७० टक्क्यांच्या किती वर होते, त्याच लॉटचं बियाणं आणखी कोणी नेलं, सगळं चहा येईस्तोवर समोर. आधी यासाठी रजिस्टरांचा ढीग उपसावा लागे.

आता बिन, म्हणजे गोदामात माल ठेवायची नंबर दिलेली जागा. बसवून देणाऱ्यानं ओळ, खण, पातळी असे बारीक पत्ते पाडून दिले. कागदावर सुंदर. पण थप्पी एका जागी राहत नाही. किडीसाठी धुरी द्यायची तर सरकते, ओला माल उन्हात काढायचा तर फुटते. दिवाळीच्या तोंडावर गाड्यांची रांग लागली असताना हमालाला दर कट्ट्यामागे स्कॅन करायला सांगितलं, तर तो म्हणाला, "भाऊ, पाठीवर कट्टा हाये, स्कॅन कोन्या हातानं करू?" बरोबरच होतं त्याचं. शेवटी दोन खांबांमधली जागा म्हणजे एक बिन, एवढंच ठेवलं. बारकोड खांबावर लॅमिनेट करून टांगले, कारण तागाच्या बारदान्यावर स्टिकर टिकत नाही. बियाण्याच्या बिनांना मात्र वेगळी क्षमता लावली. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, थप्पी उंच गेली की खालच्या कट्ट्यांची उगवण मार खाते. मर्यादेपुढे माल टाकायला गेलं की सॉफ्टवेअर अडवतं, हे आवडलं.

धुरीच्या बाबतीत मात्र ते उणं पडतं. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवून ताडपत्री टाकली की त्या थप्पीला हात लागता कामा नये, निघणारा वायू जीवघेणा असतो. पण यात बिनला कुलूप लावायची सोयच नाही. म्हणून 'धुरीखाली' नावाचं नुसतं कागदी बिन काढलं आणि ताडपत्री टाकतानाच ते लॉट तिकडे वळवतो. त्या बिनातला माल उचल यादीत, म्हणजे बाहेर काढायच्या मालाच्या यादीत, येत नाही. जुगाड आहे, पण चालतो.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं वजनानं. १४ टक्के ओलाव्याचं १०० क्विंटल सोयाबीन १० टक्क्यांवर वाळलं की सरळ हिशेबानं ९५.५६ क्विंटल उरतं. जवळपास साडेचार क्विंटल ना चोरीला गेलं, ना उंदरानं खाल्लं. सॉफ्टवेअरला हे ठाऊक नसतं. लॉटनिहाय घट नोंदवली नाही, तर थप्पी पुरी उचलून झाल्यावरही बिनात माल शिल्लक दिसतो, आणि लेखापरीक्षक नेमका त्यावरच बोट ठेवतो. आम्ही घटीचं स्वतंत्र कारण तयार केलं आणि मॉइश्चर मीटरचं रीडिंग सोबत टाकणं सक्तीचं केलं.

उचल आधी आलेल्या मालाची की आधी मुदत संपणाऱ्याची, एवढे दोनच पर्याय यात आहेत. कीटकनाशकं आणि बियाण्याला मुदतीचा पर्याय अगदी योग्य. धान्याला दोन्ही लंगडे. आधी आलेलं सोयाबीन भिंतीला लागून दडलेलं असतं, आणि गिऱ्हाइकाला द्यायचं असतं ते ओलावा वाढायच्या बेतात असलेलं. त्यामुळे धान्याची उचल यादी आमचा गोदामपाल ओलाव्याच्या रकान्यावरून स्वतः लावतो.

नेट गेलं तर मोबाईलवरची आवक अडत नाही, परत आलं की नोंदी आपसूक चढतात. मराठी पडदे आहेत, भाषांतर मात्र विचित्र.

वर्षाचं भाडं आम्ही पुन्हा भरलं. बारीक बिनांचा वरचा प्लॅन सोडला. एकच पीक आणि एकच खोली असेल, तर नुसत्या लॉटचा प्लॅन घ्या, थप्पीवर स्टॅक कार्ड (त्या थप्पीच्या नोंदीचं कार्ड) टांगा, बिनच्या पैशात ताडपत्र्या येतील.