मोटार ट्रेनिंग स्कूल लावताय? पैसे भरायच्या आधी टेस्टचं विचारा

पाचपैकी तीन स्टार देतेय, त्यातले दोन एकट्या शिकवणाऱ्या सरांचे. स्कूलचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण पुण्यात ज्या ज्या मैत्रिणींना विचारलं त्यांच्याकडे थोड्याफार फरकाने हेच चालतं.

सर शांत आहेत, ओरडत नाहीत, सिंहगड रोडच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये सुद्धा निवांत बसलेले असतात. आणि गोम तिथेच आहे. त्यांच्या पायाखाली पण क्लच ब्रेक असतो ना, मग सिग्नलला आपण क्लच फटकन सोडला तरी गाडी बंद पडत नाही, आपल्याला वाटतं अरे वा जमलं की, आणि अर्धी गाडी तेच चालवत असतात. म्हणून थोडे दिवस झाले की स्पष्ट सांगायचं, सर आता पाय वर घ्या. हसतात, पण घेतात. मग दर चौकात गाडी बंद पडते, मागचे हॉर्न वाजवून डोकं खातात, पण खरं शिकणं तिथूनच सुरू होतं.

पॅकेजमध्ये काय काय धरलंय ते आधी लिहून घ्या. लर्निंग लायसन्स आधार असेल तर २०२१ पासून घरबसल्या सारथी पोर्टलवर (लायसन्सची सरकारी वेबसाइट) निघतं, परीक्षा पण घरूनच, ६० टक्के उत्तरं बरोबर आली की पास. त्याची सरकारी फी गाडीच्या एका प्रकाराला १५० आणि परीक्षेचे ५०. "लर्निंगचं काम" म्हणून वेगळी रक्कम सांगितली तर कशाचे पैसे ते विचाराच. पर्मनंटला टेस्टचे ३०० आणि लायसन्सचे २००, बाकी किरकोळ. आणि हो, मधे व्हॉट्सॲपवर फिरत होतं ना की आता आरटीओची टेस्ट द्यावीच लागत नाही, ते फक्त सरकारमान्य ॲक्रेडिटेड सेंटरमधून ट्रेनिंग पूर्ण केलेल्यांसाठी आहे, कोपऱ्यावरच्या स्कूलला नाही.

लर्निंग निघाल्यावर ३० दिवस थांबावं लागतं आणि ते ६ महिनेच चालतं, त्यामुळे टेस्टच्या स्लॉटच्या मागे वेळेत लागा.

आता टेस्ट. पुण्यात कारची टेस्ट नाशिक फाट्याजवळ भोसरीच्या आयडीटीआरला (ड्रायव्हिंग ट्रेनिंगची संस्था) होते. तिथे नीट आखलेले ट्रॅक आहेत, आठचा आकार, एचचा आकार आणि चढ. "थोडी पुढे घ्या, बास झालं" वाला प्रकार डोक्यात ठेवून जाऊ नका. आठ सोपा आहे, पहिल्या गिअरवर हळूहळू. एचमध्ये रिव्हर्स यावं लागतं आणि बहुतेकांची गडबड तिथेच होते, ॲक्सिलरेटरला हातच लावायचा नाही म्हणजे पायच लावायचा नाही, नुसत्या क्लचवर गाडी सरकू द्यायची आणि दोन्ही आरसे बघत राहायचं. चढावर हँडब्रेक ओढून ठेवायचा, क्लच सोडत आणायचा, गाडी थरथरली आणि नाक जरा उचललं की थोडी रेस द्यायची आणि मगच हँडब्रेक सोडायचा. माझ्या पुढे एक काका होते, घाईत हँडब्रेक आधी सोडला, गाडी सुरुकन मागे. बसल्या बसल्या सीटबेल्ट आणि आरसे ॲडजस्ट करा, त्याकडे पण लक्ष असतं.

आणि माझा सगळ्यात मोठा राग इथे आहे. आमच्या स्कूलने रोज सरळ रस्त्यावर फिरवलं आणि रिव्हर्स, चढ हे सगळं टेस्टच्या आदल्या दिवशी घाईघाईत उरकलं, ते पण मी मागे लागले म्हणून. वर टेस्टला गाडी दुसरीच आणली. क्लच कुठे पकडतो हे प्रत्येक गाडीचं वेगळं असतं हो, नवशिक्या माणसाला त्यात काय कळणार! मी पास झाले ते सरांनी लाईनमध्येच मला हाफ क्लच (क्लच अर्धा सोडून तिथेच धरायचा) परत परत करायला लावला म्हणून, ते दोन स्टार त्याचे.

फेल झालात तर ७ दिवसांनी परत देता येते, तीनदा फेल झालात तर मात्र ६० दिवस थांबा. तेव्हा फी भरताना दोनच प्रश्न विचारा, रिव्हर्स आणि चढ किती दिवस घेणार आणि टेस्टला हीच गाडी देणार का. "ते बघू आपण नंतर" असं उत्तर आलं तर पुढचं स्कूल बघा.